वायफाय गायब झालेला लॅपटॉप आणि स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन: माझा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. निकाल आधीच सांगते, कारण ज्यांच्या लॅपटॉपवर आत्ता वायफाय दिसत नाहीये ते हे मोबाईलवर वाचत असणार आणि त्यांना घाई असणार. टूलचं नाव स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन, लॅपटॉपला हवे ते ड्रायव्हर (म्हणजे वायफाय कार्डासारख्या भागांशी विंडोजला बोलता यावं म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर) शोधून टाकून देतं, पूर्ण फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत, इन्स्टॉलही करायला लागत नाही, पेनड्राइव्हवरून सरळ चालतं. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच.

मी कराडला घरातूनच ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करते, स्कॉलरशिप, ॲडमिशन, पीक विमा, असलं सगळं. कॉम्प्युटरचं शिक्षण काही झालेलं नाही, पण दहा-बारा वर्षं रोज मशीनसमोर बसून आणि प्रत्येक अडचणीला कुणाला बोलवायचं म्हणून स्वतःच शोधून शोधून बऱ्यापैकी कळायला लागलंय. तर झालं असं की ताईनं माझ्या भाच्याला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, तो डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे. लॅपटॉप चांगलाच होता, पण आधीच्या मालकाचा डेटा, त्याचं अकाउंट, कसले कसले प्रोग्राम सगळं तसंच होतं म्हणून पोरानं बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून विंडोजचा सेटअप चालू होतो तो) बनवला आणि विंडोज ११ नवीन टाकलं. सेटअप चालू झाला, भाषा झाली, कीबोर्ड झाला आणि नेटवर्क निवडा म्हणून जो स्क्रीन येतो तिथे गाडी अडकली. एकही वायफाय दिसेना, पुढे जायचं बटण दबेना. लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे वायरनं नेट जोडायचं पोर्टच नाही, आजकाल पातळ लॅपटॉपला ते देतच नाहीत.

तो तसाच घेऊन गेला एका दुकानात. तिथल्या माणसानं तेवढा स्क्रीन पार करून, लोकल अकाउंट बनवून डेस्कटॉपपर्यंत आणून दिलं, त्याचे पैसेही घेतले नाहीत, ते मान्य. पण वायफायचं काय विचारल्यावर म्हणाला आतलं वायफायचं कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल, दोन हजार. पोरगं रडकुंडीला येऊन माझ्याकडे आलं, "मावशी, आईला सांगू नकोस गं, मीच फॉरमॅट करून कार्ड उडवलं." मी म्हटलं अरे, आदल्या रात्रीपर्यंत त्याच लॅपटॉपवर तू वायफायवर व्हिडिओ बघत होतास, फॉरमॅटनं पुसलं जातं ते डिस्कवरचं, कार्डाला काय होणार आहे? त्याच्या घरच्यांसाठी दोन हजार रुपये म्हणजे थोडेथोडके नाहीत हो. आणि अशी किती पोरं किती दुकानांत हे पैसे देऊन येत असतील, चांगलं कार्ड काढून दुसरं कार्ड बसवून, या विचारानंच हा रिव्ह्यू लिहायला बसले.

खरा प्रकार असा असतो. विंडोजच्या सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्टनं पुष्कळ ड्रायव्हर आधीच भरून ठेवलेले असतात, म्हणून जुन्या कार्डांना बहुतेक वेळा काही अडचण येत नाही. पण तुमचं वायफाय कार्ड त्या सेटअप फाइलपेक्षा नवीन असलं किंवा त्याचा ड्रायव्हर त्यात नसलाच, तर विंडोजला एवढंच कळतं की इथे काहीतरी नेटवर्कचं यंत्र बसवलंय, त्याच्याशी बोलायचं कसं ते कळत नाही. कंपनीकडून लॅपटॉप येतो तेव्हा हे ड्रायव्हर टाकूनच आलेला असतो, आपण सगळं पुसून नवीन विंडोज टाकलं की ते जातात. मग ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे आणि नेट चालू व्हायला ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहून कुलूप लागल्यासारखं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जो तो विंडोज ११ टाकत सुटलाय, त्यामुळे माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्यांतही हे गाऱ्हाणं वाढलंय.

कार्ड मेलंय की नुसता ड्रायव्हर नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि हे प्रत्येकानं दुकानात जायच्या आधी बघावंच. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडायचं. अदर डिव्हायसेस नावाच्या गटाखाली नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेलं आणि त्यावर पिवळा त्रिकोण दिसला तर कार्ड जिवंत आहे, विंडोजला ते दिसतंय, फक्त ड्रायव्हर नाही. त्यावर डबल क्लिक केलं की बहुतेक वेळा कोड २८ दिसतो, त्याचा अर्थच ड्रायव्हर इन्स्टॉल केलेला नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर हेच होतं. त्याच खिडकीत डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडीज निवडलं की एक लांबलचक ओळ येते, त्यात व्हेन (VEN) नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि डेव्ह (DEV) नंतरची चार म्हणजे मॉडेल. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे ॲथरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. आमच्याकडे १०ईसी आणि पुढे बी८५२ निघालं, म्हणजे रिअलटेकचं ८८५२बीई, वायफाय ६ वालं कार्ड. मी पोराला ते दाखवलं, म्हटलं हे बघ, तुझं कार्ड स्वतःचं नाव सांगतंय, मेलेलं कार्ड नाव सांगेल का? तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

आता ही ओळ का बघायची, कारण लॅपटॉपचं मॉडेल एक असलं तरी आतलं वायफाय कार्ड एकच असेल असं नाही. एकाच मॉडेलमध्ये कधी इंटेल, कधी रिअलटेक, कधी मीडियाटेक बसवलेलं असतं, त्यामुळे कंपनीच्या सपोर्ट पेजवर त्या मॉडेलखाली वायफायचे तीन-तीन ड्रायव्हर दिसतात. भाच्यानं मित्राच्या मशीनवरून त्यातला पहिला उचलून आणला होता, तो इन्स्टॉल झाल्यासारखा झाला, फिनिश म्हणाला, आणि वायफाय काही आलं नाही. त्यावरून त्याची अजूनच खात्री पटली की कार्ड गेलं. अशा वेळी मॉडेल नंबरऐवजी लॅपटॉपच्या खाली चिकटवलेला सिरियल नंबर टाकून शोधलं तर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर नेमकं त्याच मशीनचं सामान दिसतं.

मग टूलकडे वळले. माझ्या डेस्कटॉपवर नेट होतंच, तिथे त्याची लाइट व्हर्जन, म्हणजे ड्रायव्हर सोबत नसलेली छोटी आवृत्ती, उतरवली. इथे एक कळकळीची सूचना, ड्रायव्हर असा शब्द सर्च केला की सारख्या दिसणाऱ्या नावांच्या ढीगभर साइट येतात, वर जाहिराती येतात, मोठी हिरवी डाउनलोड बटणं येतात. नावात ओरिजिन शब्द आहे का बघा, कारण आधी नुसतं स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर होतं आणि ओरिजिन ही त्याचीच पुढे वेगळी निघालेली शाखा आहे, मी वापरते ती ही. झिप फाइल येते, ती पेनड्राइव्हवर सुटी करायची आणि आतली चौसष्ट बिटवाली एक्सई चालवायची. पहिल्यांदा चालू केलं की ते विचारतं, सगळे ड्रायव्हरपॅक (ड्रायव्हरचे गठ्ठे) उतरवू, फक्त नेटवर्कचे उतरवू, की नुसते इंडेक्स (त्यांच्या याद्या) उतरवू. मधला पर्याय घ्यायचा, फक्त नेटवर्क. हा एक पर्याय ठेवणाऱ्याला मी मनापासून हात जोडते, कारण त्याला नेमकं कळलंय की माणूस कुठे अडकतो. बाकी साउंड, ग्राफिक्स, टचपॅड हे सगळं एकदा नेट आलं की येतं, अडतं ते फक्त नेटवर. सगळे पॅक घ्यायला गेलात तर कित्येक जीबी होतात, दिवसभराचा डेटा संपेल, नेटवर्कवाले मात्र ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसतात. त्यात वायफायचा पॅक असतो आणि लॅनचेही असतात, म्हणजे पुढेमागे कुणाच्या डेस्कटॉपचं लॅन बंद असेल तर तेही याच पेनड्राइव्हवर होऊन जातं.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तीच एक्सई चालवली, विंडोजनं परवानगी मागितली ती दिली. दोन-तीन मिनिटं ते पॅकमधल्या फाइलींची यादी बनवत बसतं, तेव्हा अडकलंय असं वाटून बंद करू नका. मग समोर कार्डाचं नाव आलं आणि शेजारी चौकोन. त्यावर माउस नेला की सध्याचा ड्रायव्हर आणि पॅकमधला ड्रायव्हर दोन्हींची माहिती, तारीख, व्हर्जन, तो हार्डवेअर आयडीसुद्धा दिसतो, म्हणजे आपण मघाशी लिहून घेतलेल्या आयडीशी ताडून बघता येतं. हे मला फार आवडलं, डोळे झाकून विश्वास ठेवायला लागत नाही. रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत जायची सोय) बनवायचा चौकोनही असतो, त्यावर टिक करायची, मग त्या एकाच कार्डावर टिक आणि इन्स्टॉल. पंखा जरा जोरात फिरला, हिरवी पट्टी सरकली आणि खाली कोपऱ्यात वायफायची खूण आली. आमच्या घरचं नाव, शेजारच्यांचं नाव, समोरच्या मेडिकलचं नाव, सगळी यादी एकदम. पोरगं जागेवरच ओरडलं. मी ताईला फोन लावला आणि सांगितलं की लॅपटॉप अगदी ठणठणीत आहे.

आता अर्धा स्टार कशाचा. स्क्रीन फार गच्च आहे, नवीन माणूस बिचकतो. बेटर मॅच, वर्स मॅच, न्यूअर, ओल्डर असे शब्द येतात आणि सगळ्यावर टिक मारायचा मोह होतो. तो मोह टाळा. सगळे पॅक उतरवले असतील तर हे टूल चांगल्या चालणाऱ्या गोष्टींनाही नवा ड्रायव्हर आहे म्हणून दाखवतं, आणि नवा म्हणजे तुमच्या मशीनला चांगलाच असं काही नसतं, विशेषतः ग्राफिक्सचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीचाच बरा असतो. नुसते नेटवर्कचे पॅक घेतले की ही चूक करायला जागाच राहत नाही, म्हणूनही मी तोच पर्याय सांगते. दुसरं, पॅक टॉरेंटनं, म्हणजे एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यांनी उतरतात, त्यामुळे कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर टॉरेंट बंद असेल तर डाउनलोड शून्यावरच बसून राहतं, तेव्हा घरच्या नेटवर किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करा. आणि टूल फक्त विंडोजसाठी आहे, एक्सपीपासून ११ पर्यंत चालतं, लिनक्सवाल्यांना उपयोग नाही.

तरी पैसे मागणाऱ्या त्या ड्रायव्हर अपडेटरपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. तसले मी दोन वापरलेत, स्कॅन करायचं, लाल अक्षरात इतके ड्रायव्हर जुने आहेत, धोका आहे म्हणायचं आणि दुरुस्त करायला गेलं की पैसे भरायला बँकेच्या कार्डाचा नंबर मागायचा. शिवाय ते चालायलाच नेट लागतं, म्हणजे ज्याचं नेट बंद आहे त्याच्या काय कामाचे!

खरं सांगायचं तर हे टूल प्रत्येकाला लागेलच असं नाही. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन आणि चांगली केबल असेल तर आधी यूएसबी टेदरिंग करून बघा. केबलनं फोन लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, विंडोजला त्यासाठी लागणारा ड्रायव्हर आधीच असतो त्यामुळे लॅनची वायर लावल्यासारखं नेट चालू होतं, अगदी त्या अडकलेल्या सेटअप स्क्रीनवरसुद्धा. आणि खूप जणांना माहीत नसतं, फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोनमध्ये तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाईल डेटा जात नाही. मग विंडोज अपडेटमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर दिसतो का बघायचं. आमच्याकडे हे आधी करून बघितलं होतं, पण पोराची केबल नुसत्या चार्जिंगची निघाली, बऱ्याच स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, त्यामुळे टेदरिंगचं बटण फिकटच राहिलं. आयफोन असेल तर अजून पंचाईत, विंडोजला त्यासाठी ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तो आणायला परत नेट. अशा ठिकाणी पेनड्राइव्हच कामाला येतो. विंडोज ११ च्या नवीन व्हर्जनमध्ये त्या नेटवर्कच्या स्क्रीनवरच ड्रायव्हर इन्स्टॉल करायचं बटण दिलंय, तिथे सुटा केलेला ड्रायव्हरचा फोल्डर दाखवता येतो, पण त्यासाठी तो बरोबर ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर असायला पाहिजे.

एकच ड्रायव्हर हवा असेल आणि आयडी हातात असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग म्हणून साइट आहे, तिथे तो आयडी टाकून शोधलं की ड्रायव्हर कॅब फाइलमध्ये (झिपसारखीच एक बांधलेली फाइल) मिळतो. ती सेव्हन झिप नावाच्या प्रोग्रामनं सुटी करायची आणि डिव्हाइस मॅनेजरमधून त्या कार्डावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर करून तो फोल्डर दाखवायचा. एक कार्ड असेल तर हेही झकास. पण माझ्याकडे महिन्याला दोन-तीन वेगवेगळी मशीन येतात, त्यांच्यासाठी प्रत्येकाचा आयडी टाइप करत बसण्यापेक्षा तयार पेनड्राइव्ह बरा पडतो.

आणि ज्यांचं वायफाय आत्ता चालू आहे पण पुढच्या आठवड्यात फॉरमॅट करायचा विचार आहे त्यांनी तर कुठलंच टूल उतरवायची गरज नाही, फक्त आधी हे करा. पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर बनवा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पीएनपीयुटिल नावाची जी कमांड विंडोजमध्येच असते तिला एक्सपोर्ट-ड्रायव्हर सांगून, पुढे तारा म्हणजे सगळे (pnputil /export-driver *), आणि मग त्या फोल्डरचा पत्ता द्या. विंडोजमध्ये बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येऊन बसतात. नवीन विंडोज टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधून तेच ब्राउझ माय कॉम्प्युटर करून हे फोल्डर दाखवायचं, आतल्या सबफोल्डर्सची टिक राहू द्यायची, बस्स. दोन-चार मिनिटांचं काम आहे. भाच्यानं हे आधी केलं असतं तर दुकान, मित्राचं मशीन, माझ्याकडचा फेरा यातलं काहीच लागलं नसतं. आता त्यानं होस्टेलवर सगळ्यांना ही कमांड शिकवलीय.

काही वेळा ड्रायव्हरची भानगडच नसते, तिथे हे टूलही काही करू शकत नाही. वायफाय आधी चालू होतं, फॉरमॅट वगैरे काही न करता एका दिवशी अचानक गेलं, तर आधी विमानाची खूण असलेली की दाबली गेलीय का बघा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर खाली जाणारा बाण असेल तर ते डिसेबल झालंय, राइट क्लिक करून एनेबल करा, विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग (वायफाय सांभाळणारी सेवा) चालू आहे का बघा. कार्ड यादीतून पूर्ण गायब असेल किंवा कोड १० (म्हणजे कार्ड सुरूच होत नाहीये) दाखवत असेल तर लॅपटॉप शटडाउन करून चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा, माझ्याकडे एका शिक्षकांचा लॅपटॉप एवढ्यानंच ताळ्यावर आला होता. हे सगळं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ना नेटवर्क कंट्रोलर दिसतो ना कुठलं अननोन डिव्हाइस, तेव्हा मात्र कार्ड ढिलं झालेलं किंवा खरंच गेलेलं असू शकतं, तेव्हा दुकानात जा आणि आधी काढून परत बसवून बघायला सांगा.

एक राहिलंच. वायफाय आल्यावर पोरगं म्हणालं ब्लूटूथ अजून नाहीये, इअरफोन जोडता येईना. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात पण दोघांचे ड्रायव्हर वेगळे, एक टाकला म्हणून दुसरा येत नाही. नेट आलेलंच होतं, विंडोज अपडेटनं तो स्वतःच आणला, एकदा रीस्टार्ट केलं आणि झालं. नसता आला तर याच टूलमध्ये ब्लूटूथचा पॅक वेगळा आहे, अपडेटच्या यादीतून तेवढाच टिक करून उतरवायचा.